नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें

दुसऱ्याचें मन वळविण्यासाठीं भाषेच्या कोणकोणत्या युक्त्या वापरल्या जातात, या विषयावर आज मला आपल्याशीं चार शब्द बोलावयाचे आहेत. खोटें बोलणाऱ्यांविषयीं मात्र मी बोलणार नाहीं. खोटें बोलणाऱ्याला पकडण्याची सोय असते. त्याचें बोलणें आणि वस्तुस्थिति हीं शेजारीं शेजारीं ठेवलीं कीं फरक डोळ्यांस दिसतो. अधिक अवघड असतो तो मनुष्य, जो एकही शब्द खोटा उच्चारीत नाहीं आणि तरीही ऐकणाराला भलत्याच गांवीं नेऊन सोडतो.

धर्मराजाचें "नरो वा कुंजरो वा" आपणां सर्वांस ठाऊक आहे. अश्वत्थामा नांवाचा हत्ती मारला गेला होता, हें खरेंच होतें. फक्त वाक्याचा शेवट हलक्या आवाजांत झाला, आणि द्रोणाचार्यांनीं शस्त्र खालीं ठेवलें. आजच्या जाहिरातींत तळाशीं मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांनीं "अटी लागू" असें छापलेलें असतें, तें याच घराण्यांतलें होय.

आपल्या न्यायशास्त्रांत अशा बोलण्यास "छल" म्हणतात. गौतमानें त्याचे तीन प्रकार सांगितले असून त्यांपैकीं पहिला वाक्छल. त्याचें उदाहरण जुनेंच आहे. कोणी म्हणतो, "हा मुलगा नवकंबल आहे," म्हणजे याच्या अंगावर नवें कांबळें आहे. प्रतिपक्षी उठून विचारतो, "कोठें आहेत याचीं नऊ कांबळीं? मला तर एकच दिसतें!" संस्कृतांत नव म्हणजे नवा आणि नव म्हणजे नऊही. वर्गांत हें सांगितलें कीं मुलें हंसत. परंतु हेंच कांबळें जमिनीच्या, जंगलाच्या किंवा जिवाच्या बाबतींत पांघरावयास दिलें जातें, तेव्हां हंसण्यासारखें फारसें उरत नाहीं.

मी राहतों तो मुलूख गडचिरोली जिल्ह्यांतील भामरागड तालुक्याचा, गांव हेमलकसा. १९७३ च्या डिसेंबरांत बाबा आमटे यांनीं येथें लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे येथें राहावयास आले, तेव्हां औषधाच्या आधीं त्यांना माडिया भाषा शिकावी लागली. कारण येथल्या बहुसंख्य लोकांची मातृभाषा माडिया. मराठी त्यांना भेटते ती शाळेंत, बाजारांत आणि कचेरींत. अशा रीतीनें परकी भाषा शिकणारा मनुष्य शब्दाला एकच अर्थ असतो असें धरून चालतो, आणि तें योग्यही आहे. त्या शब्दाच्या पोटांत दुसरा अर्थ दडविलेला असेल, हें त्याला कोणी शिकविलेलें नसतें.

जुनीं माणसें एक गोष्ट सांगतात. पूर्वीं व्यापारी मिठाचें पोतें घेऊन येई आणि मिठाच्या मापाला चारोळीचें माप घेऊन जाई. "बराबर" हा त्याचा शब्द. मापाला माप, शेराला शेर! माप खरोखरच बराबर होतें. त्यांत खोट काढतां आली नसती. शहरांत चारोळीला काय भाव मिळतो आणि मिठाला काय पडतो, हा प्रश्न त्या एका शब्दाखालीं झांकला जाई. ऐकणारा शब्दाची तपासणी करी व समाधान पावे. तपासावयाची वस्तु दुसरीच होती.

आतां मी मुख्य गोष्टीकडे येतों. मराठींत "नांव ठेवणें" आणि "नांवें ठेवणें" असे दोन वाक्प्रचार आहेत. पहिलें बारशाच्या दिवशीं करतात, दुसरें पाठीमागें. माझें म्हणणें असें आहे कीं, लोकांचें मन वळविण्याच्या ज्या युक्त्या खरोखर परिणामकारक ठरल्या, त्यांत हीं दोन्हीं कामें एकदमच उरकलेलीं दिसतात. वादविवाद पुढें केव्हां तरी होतो. वस्तूचें नांव आधींच ठरून गेलेलें असतें, आणि मग दोन्हीं पक्ष तेंच नांव घेऊन भांडत बसतात. आमच्या जंगलांत याचीं उदाहरणें पायलीनें सांपडतील.

१८७८ च्या वनकायद्यानें जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे वर्ग पाडले. "राखीव" हें विशेषण किती साधें दिसतें! पण तें कोणी राखलें, कोणापासून राखलें आणि कोणासाठीं, हें सांगण्याचें बंधन विशेषणावर नसतें. तो कायदा तयार होत असतां बेडन-पॉवेल या अधिकाऱ्यानें एक भेद मोठ्या हिरीरीनें मांडला होता. रयत पिढ्यान्‌पिढ्या जंगलांतून जें आणते तो तिचा हक्क नव्हे, राज्यकर्त्यानें चालूं दिलेली ती सवलत होय, असा तो भेद. मद्रासेकडील अधिकाऱ्यांनीं त्या काळींच हरकत घेतली होती, परंतु कायद्यांत उतरला तो बव्हंशीं पहिलाच विचार. जोतीराव फुले यांनीं १८८३ च्या "शेतकऱ्याचा असूड" या ग्रंथांत जंगलखात्याविषयीं जी कडवट तक्रार केली आहे, तिच्या मागें हाच फेरबदल आहे. हक्काचें नांव सवलत ठेवल्यानें एका काडीचाही फरक पडला नाहीं असें वाटेल. पण हक्क मागतां येतो, सवलतीसाठीं हात जोडावे लागतात.

बांबूची गोष्ट जरा सविस्तर सांगतों, कारण इतकें स्वच्छ उदाहरण मला दुसरें ठाऊक नाहीं.

बांबू हें गवत आहे. भात, गहूं, ऊंस यांच्याच कुळांतलें तें, एवढेंच कीं वाढतें फार. वनस्पतिशास्त्राचा याविषयीं कांहीं संशय नाहीं. परंतु १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या दुसऱ्या कलमांत "झाड" या शब्दाची व्याख्या करतांना ताड, बांबू, खुंट, झुडुपें आणि वेत यांचा त्यांत समावेश करण्यांत आला. त्याच कलमांत आणखी असें सांगितलें आहे कीं, पडलेलें किंवा तोडलेलें झाड म्हणजे लाकूड, आणि लाकूड हा शब्द तेथें सागवानाच्या अर्थानें आहे, चुलींतल्या काटक्यांच्या नव्हे. म्हणजे बांबू उभा असतां झाड झाला, आणि कापतांच इमारती लाकूड! आमच्याकडे पावसाळ्यांत बांबूचे कोवळे कोंब फुटतात, त्यांना वास्ते म्हणतात व त्यांची भाजी करतात. कायद्याच्या काटेकोर भाषेंत बोलावयाचें तर ती बाई चुलीवर झाड शिजवीत असे.

येथें कायदा करणाराला अन्याय होऊं नये म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे. व्याख्या करणें हा कांहीं छल नव्हे. कायद्याला आपल्या कामापुरता शब्दाचा अर्थ रुंद किंवा अरुंद करावाच लागतो, आणि तसें तो उघडपणें सांगतोही कीं, या अधिनियमापुरता अमुक शब्दाचा अमुक अर्थ. छल सुरू होतो तो त्यानंतर. "या अधिनियमापुरता" हे शब्द वाटेंत कोठें तरी गळून पडत, आणि नाक्यावर उभ्या असलेल्या शिपायाच्या तोंडीं येतांना वाक्य उरे तें एवढेंच कीं, बांबू हें झाड आहे, झाड तोडणें गुन्हा आहे, सबब सूप विणणारा बुरूड गुन्हेगार आहे. प्रत्येक पायरी मागच्या पायरीवर नीट बसविलेली! आणि तोच बांबू करार करून कागदाच्या गिरणीकडे जावयास निघाला, म्हणजे त्याचें नांव "कच्चा माल".

२००६ सालीं संसदेनें वनहक्कांचा कायदा केला. त्यांत गौण वनोपजाच्या व्याख्येंत बांबूचें नांव स्पष्ट घातलें, आणि असें वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासी लोकांचा आहे असें म्हटलें. आमच्याच जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा-लेखा म्हणून गांव आहे. २००९ सालीं त्या गांवाला अठराशेंहून अधिक हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गांवाचा झाला. पण तो गांवाबाहेर न्यावयाचा तर वाहतुकीचा परवाना हवा, आणि परवाना देणाऱ्यांच्या पोथींत बांबू अजून झाडच होता. एका कायद्यांत जें गवताच्या पंगतीला बसलें होतें, तें दुसऱ्या कायद्यांत सागवानाच्या पंगतीला! हा वाद मिटावयास खुद्द केंद्रीय मंत्र्यांना हातीं लेखणी घ्यावी लागली. मार्च २०११ मध्यें तत्कालीन वनमंत्री जयराम रमेश यांनीं राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्रें लिहून बांबूला गौण वनोपज समजण्यास सांगितलें, आणि २७ एप्रिल २०११ रोजीं मेंढा-लेखा येथें येऊन वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या हवालीं केलें. पुढें नोव्हेंबर २०१७ मध्यें अध्यादेश काढून १९२७ च्या त्या व्याख्येंतून "बांबू" हा शब्द गाळण्यांत आला; त्याचा उद्देश मुख्यतः शेतांतील बांबूला परवान्यांतून मोकळें करण्याचा होता. नव्वद वर्षें झाड असलेली वनस्पति एका रात्रींत झाड राहिली नाहीं. रानांतल्या एकाही बेटाला त्याची खबर नव्हती.

आणि तरीही, श्रोते हो, "गौण वनोपज" या नव्या नांवाकडे एकदां पाहा. गौण कोणाच्या दृष्टीनें? सागाचा लिलाव करणाराच्या दृष्टीनें मोह, चारोळी, तेंदूपान हीं गौण असतील. ज्या घरांत मोहफुलांच्या टोपलीवर चैत्र निघतो आणि तेंदूपानाच्या पैशावर मुलांचे कपडे होतात, तेथें गौण काय आणि मुख्य काय हें वेगळें ठरेल. महाराष्ट्रांत १९६९ च्या कायद्यानें तेंदूपानाचा व्यापार सरकारनें आपल्या नियंत्रणाखालीं घेतला. तेव्हांपासून पान तोडणाराला जें मिळे त्याचें नांव मजुरी, आणि मागाहून विक्रीच्या उत्पन्नांतला कांहीं अंश हातीं पडला तर लोक त्याला बोनस म्हणत. २०१३ पासून पुढें आमच्या भागांतल्या कांहीं ग्रामसभांनीं पानाची विक्री स्वतःच केली, तेव्हां लोकांना प्रथमच कळलें कीं, बोनस हें आपल्याच मालाच्या किंमतीचें दुसरें नांव होतें.

"अतिक्रमण" हा शब्द तर शाळेंतल्या मुलालाही पाठ आहे. अति अधिक क्रमण, म्हणजे मर्यादा ओलांडून पुढें जाणें. त्यासाठीं मर्यादा आधीं असावी लागते आणि मनुष्य नंतर यावा लागतो. जेथें मनुष्य आधीं होता आणि रेघ मागाहून आंखली गेली, तेथें कोणी कोणाचें अतिक्रमण केलें? व्युत्पत्ति येथें सरळ उलटी लागते. परंतु ३ मे २००२ रोजीं केंद्रीय वनखात्यानें अतिक्रमणें काढण्याविषयीं राज्यांना जें पत्र धाडलें, त्यानंतर देशभर घरें मोडलीं गेलीं तीं याच शब्दाच्या आधारें. २००६ च्या कायद्यानें आपल्या प्रास्ताविकांत ऐतिहासिक अन्यायाची कबुली दिली खरी. तरी १३ फेब्रुवारी २०१९ रोजीं सर्वोच्च न्यायालयाचा एक आदेश निघाला, त्यांत दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून काढण्याची गोष्ट होती. तो २८ फेब्रुवारीला स्थगित झाला. मधल्या पंधरवड्यांत वर्तमानपत्रांतून मी पाहिलें कीं, "दावा फेटाळला गेलेला" आणि "अतिक्रमक" हे शब्द एकमेकांच्या जागीं बिनदिक्कत वापरले जात होते. कागद हरवल्यानें दावा फेटाळला जाऊं शकतो. कागद हरवल्यानें मनुष्य कालचा आलेला होत नाहीं.

याहून दुःखाची गोष्ट पुढें आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे अशा शेतीला "जबरानजोत" म्हणतात. जबरान म्हणजे बळजबरीनें. बापजाद्यांपासून कसलेल्या तुकड्यावर हक्क सांगावयास शेतकरी कचेरींत जातो आणि पहिलेंच वाक्य उच्चारतो, "साहेब, माझी दोन एकर जबरानजोत आहे!" आपण बळजबरी केली, असें तो आपल्या तोंडानें सांगतो, आणि मग न्याय मागतो. त्यासाठीं झालेल्या आंदोलनांनींही तेंच नांव मिरविलें. दुसऱ्यानें ठेवलेलें नांव मनुष्य आपलेंच म्हणून वापरूं लागला, म्हणजे त्याचें मन वळवावयास आणखी वक्तृत्वाची गरज उरत नाहीं.

हें झालें नामांचें. क्रियापदांची तऱ्हा निराळी आहे. मराठीचा तास घेतांना पाठ्यपुस्तकांतलीं वाक्यें संपलीं कीं मी ग्रामपंचायतीच्या फलकावरची सूचना फळ्यावर लिहीत असें व मुलांकडून तिचें वाक्यपृथक्करण करवीत असें. "निर्णय घेण्यांत आला आहे." "क्षेत्र घोषित करण्यांत येत आहे." "नोंद घेण्यांत यावी." कर्म सांपडे, क्रियापद सांपडे, कर्ता सांगा म्हटलें कीं वर्ग गप्प. सातवींतली एक मुलगी एकदां म्हणाली, "गुरुजी, यांत कोणीच नाहीं." व्याकरणाच्या दृष्टीनें तिचें उत्तर पूर्ण मार्कांचें होतें. कर्मणि प्रयोग वाईट नव्हे. कर्ता ठाऊक नसेल किंवा सांगण्याची जरूर नसेल तेथें तो शोभतोच. पण घर मोडण्याची सूचना कर्त्यावांचून निघूं लागली, म्हणजे घरवाल्यानें जाब कोणाला विचारावा?

समासांतही अशीच गंमत आहे. "जनसुनावणी" याचा विग्रह कसा करावयाचा? जनांचें ऐकणें कीं जनांना सुनावणें? २००६ च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेचा हेतु निःसंशय पहिला आहे. प्रकल्पाच्या जागीं किंवा तिच्या निकट सभा घ्यावी, तीस दिवस आधीं वर्तमानपत्रांतून जाहीर करावें, असें तींत सांगितलें आहे. पण ज्या पाड्यावर वर्तमानपत्र येत नाहीं आणि जेथल्या वृद्धांना मराठी समजत नाहीं, तेथें विग्रह आपोआप दुसरा होतो.

आमच्या भागांत तर "जन" या शब्दाला सर्वांनींच वेठीस धरलें आहे. सरकारची जनसुनावणी, पोलिसांचा जनजागरण मेळावा. आणि १९८० च्या सुमारास नक्षलवादी या जिल्ह्यांत शिरले, त्यांचें जनयुद्ध आणि जन अदालत. या अदालतींत आरोपी जनांपैकींच, बहुधा एखादा गरीब गांवकरी. आरोपपत्र म्हणजे एक शब्द: "खबऱ्या". त्याचा पुरावा मागण्याची सोय नव्हती. या शब्दानें किती घरें उघडीं पडलीं, तें येथल्या लोकांना ठाऊक आहे. आणि दुसऱ्या बाजूनें "नक्षल समर्थक" हा शिक्काही तितक्याच सहज मारला जातो. कधीं रात्रीं दाराशीं आलेल्या बंदूकधाऱ्यांना भाकर दिली एवढ्यावरून. भाकर देणारा त्या वेळीं नकार देऊं शकत होता काय, हें शिक्क्यावर कोरलेलें नसतें.

इंद्रावतीच्या पलीकडे बस्तरांत २००५ सालीं "सलवा जुडूम" सुरू झालें. सरकारी पत्रकांत त्याचें भाषांतर "शांतता अभियान" असें येई. गोंडी जाणणारे अभ्यासक सांगतात कीं, जुडूम म्हणजे गांवानें मिळून केलेली शिकार. दिल्लीच्या माणसानें शांतता वाचली, आणि नदीकांठच्या माणसानें शिकार ऐकली. गांवेंच्या गांवें ओस पडलीं. ५ जुलै २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें अशा रीतीनें नागरिकांच्या हातीं शस्त्रें देणें घटनाबाह्य ठरविलें. जॉर्ज ऑर्वेल या इंग्रज लेखकानें १९४६ सालच्या एका निबंधांत राजकारणांतल्या अशाच गोंडस शब्दांची झाडाझडती घेतली आहे. असंरक्षित खेड्यांवर विमानांतून बाँब टाकावयाचे आणि त्याला शांतता प्रस्थापित करणें म्हणावयाचें, हें त्याचें एक उदाहरण. इंद्रावती इंग्लंडापासून दूर असली तरी शब्दांना प्रवासाला परवाना लागत नाहीं.

आतां मित्रांविषयींही बोललें पाहिजे, नाहीं तर माझें बोलणें एकांगी होईल. "भोळा आदिवासी", "निसर्गाचें लेंकरूं", "जंगलचा राजा" हीं नांवें सदिच्छेनें ठेवलेलीं असतात. तथापि ज्याला भोळा म्हटलें, त्याच्या वतीनें दुसऱ्यानें बोलणें ओघानेंच आलें. आणि ज्याला जंगलचा राजा म्हटलें, त्याला जळणाच्या मोळीसाठीं शिपायापुढें उभें राहावें लागतें, हें सभेंत टाळ्या वाजवितांना आठवत नाहीं. तसाच "मुख्य प्रवाह". आदिवासींना मुख्य प्रवाहांत आणावयाचें, असें प्रत्येक वक्ता म्हणतो. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम आहे. त्या कांठावर उभें राहून एकदां विचारून पाहावें कीं, यांतला मुख्य प्रवाह कोणता? पावसाळ्यांत पर्लकोटा चढली कीं त्या दिवसांत तरी आम्हांला तीच मुख्य.

वेळ संपत आला, म्हणून एकच गोष्ट सांगतों. २००६ च्या त्या कायद्याच्या लांबलचक नांवांत एक शब्द आहे: "मान्यता". वनहक्कांची मान्यता. हक्क होताच, राज्यानें तो मान्य केला, एवढाच त्याचा अर्थ. कायदा लिहिणारांनीं हा शब्द मोठ्या विचारानें योजलेला दिसतो. आतां एखाद्या तालुक्याच्या गांवीं त्या कायद्याखालील कागद देण्याचा समारंभ असतो. मंडप असतो, हार असतात, व्यासपीठावर मोठमोठी माणसें बसलेलीं असतात, आणि म्हातारा भूमिया पायऱ्या चढून, वांकून, दोन्हीं हातांनीं कागद घेतो. त्याच्या मागें जो कापडी फलक लावलेला असतो त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलें असतें, "वनपट्टे वाटप कार्यक्रम". कायद्याच्या नांवांत "वाटप" हा शब्द कोठेंही नाहीं.